अंगाईतला बारगीर

हे चरित्र लिहावे असे मला पहिल्यांदा वाटले ते अरुणनगरला, एका घराच्या ओसरीवर.

सौंदडहून बल्लारशाच्या गाडीत बसले की अर्जुनी मागे पडताच अरुणनगर येते. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने या भागात वसवले. अरुणनगर, गौरनगर अशी त्यांच्या वसाहतींची नावे असली तरी आम्ही सगळे सरसकट 'बंगाली कॅम्प' म्हणतो. माझी नोकरी तेव्हा अर्जुनीकडे होती. वर्गातला एक मुलगा आठवडाभर आला नाही म्हणून चौकशीला त्याच्या घरी गेलो. मुलगा तापाने फणफणला होता. त्याची आजी ओसरीवर धाकट्या नातीला मांडीवर घेऊन थोपटत होती आणि दबक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. बंगाली मला येत नाही. पण त्या गुणगुणण्यात एक शब्द आला आणि कानात अडकला. बर्गी.

"आजी, हे बर्गी कोण?"

"डाकू था मास्टर. घोडे पे आता था."

"कुठून यायचे?"

आजीने थोपटता हात न थांबवता हनुवटीनेच दिशा दाखवली. "उधर से."

उधर म्हणजे साकोली. साकोलीपुढे भंडारा, आणि भंडाऱ्यापुढे नागपूर. आजीला भूगोल कळत होता की सवयीने तिने मान वळवली, देव जाणे. पण मी त्या दिशेकडे पाहिले आणि अंगावरून सर्रकन काटा गेला. कारण त्या दिशेला राहणाऱ्या माणसाचे नाव मला ठाऊक होते. शाळेत मीच ते मुलांकडून पाठ करून घ्यायचो. रघूजी भोसले, पहिला. सेनासाहेबसुभा.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचे घोडे स्वतःचे तो शिलेदार, आणि ज्याला घोडे व हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर. पगार कमी, मान कमी, मेला तर घोड्याची चौकशी आधी. मराठी कानाला हा शब्द हजेरीपटातला वाटतो. बंगालात मात्र तो पाळण्यापर्यंत पोहोचला आणि अडीचशेहून अधिक वर्षे तिथेच राहिला. पुढे एका जाणकाराकडून मी त्या अंगाईचा अर्थ समजून घेतला, तेव्हा दुसरा धक्का बसला. त्या गाण्यात घोडेस्वारांचा धाक आहे, तितकीच पाखरांनी फस्त केलेल्या धानाची आणि भरायच्या साऱ्याची काळजी आहे. म्हणजे हे गाणे शेतकऱ्याच्या घरातले, आणि तेही धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या. आमच्या झाडीपट्टीत आषाढात परे उपटून रोवणी लावणाऱ्या बायांना ते सांगितले तर पहिला भाग समजावून द्यावा लागेल. दुसरा लागणार नाही.

ज्या सरदाराच्या नावाने आपण छाती फुगवतो, त्याच्याच शिपायांचे नाव घेऊन दुसऱ्या मुलखातली आई मुलाला गप्प करते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्यांतली एक गाळून लिहिलेले चरित्र अर्धेच राहते, असे माझे मत झाले. पुढची पाने त्या मतावर उभी आहेत. ते पटले नाही तरी पाने वाचावीत. रघूजीच्या आयुष्यात मताशिवायही पुष्कळ आहे.

आधी घराणे. हे हिंगणीकर भोसले, पुणे जिल्ह्यातल्या हिंगणीचे. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला तेव्हा हा खरा राजपुत्र की तोतया, अशी कुजबुज सुरू होती. परसोजी भोसल्याने सगळ्यांसमोर त्याच्या ताटात जेवून ती कुजबुज मिटवली असे सांगतात. परसोजी शाहूला मिळालेला पहिला मोठा सरदार, हे तर नक्कीच. सेनासाहेबसुभा हा किताब त्याला मिळाला आणि वऱ्हाड-गोंडवन या घराण्याकडे आले. परसोजीचा मुलगा कान्होजी. तो यवतमाळकडच्या भामला बसून कारभार करी. पण शाहूला ना हिशेब देई, ना मान. रघूजी त्याच्या नात्यातलाच, पुतण्या. शाहूची राणी सगुणाबाई मोहिते घराण्यातली, आणि त्याच घराण्यातली मुलगी रघूजीच्या घरी आली होती. म्हणजे दरबारात त्याला आतून दार उघडे होते. शाहूने किताब रघूजीला दिला आणि त्यालाच काकावर पाठवले. १७३० च्या सुमारास वणीजवळ मंदरला कान्होजी हाती लागला. त्याचे उरलेले आयुष्य साताऱ्याच्या कैदेत गेले.

या प्रसंगात शौर्य शोधू नये. घरातला वाटा घरातल्या माणसाकडून हिसकावून घेण्याची ही गोष्ट आहे, आणि अठराव्या शतकातल्या बहुतेक सरदार घराण्यांत ती एकदा तरी घडली आहे.

आता आमच्या भागाकडे येतो. रघूजीच्या आधी इथे देवगडच्या गोंड राजांचे राज्य होते. बख्त बुलंद शाह हा त्यांतला सर्वांत कर्तबगार. नागपूर शहराची पायाभरणी त्याची. त्याचा मुलगा चांद सुलतान वारला आणि गादीवरून भांडण लागले. बख्त बुलंदाचा दासीपुत्र वली शाह गादी बळकावून बसला, तेव्हा चांद सुलतानाची राणी रतनकुंवर हिने रघूजीला हाक मारली. रघूजीने पाटणसावंगीला वली शाहाचा पराभव केला, पवनी आणि भंडारा घेतले, राणीच्या मुलांना गादीवर बसवले, मोबदल्यात रोकड आणि मुलूख घेतला. १७४३ मध्ये त्या दोन भावांत पुन्हा जुंपली, तेव्हा तो परत आला. या खेपेला गेला नाही. त्या भावांतल्या बुऱ्हाण शाहाला नागपुरात मानाने ठेवले, राजा ही पदवी त्याच्याकडे राहू दिली, आणि कारभार स्वतःकडे घेतला. हाक मारून आणलेला पाहुणा घरधनी झाला, हे गोंड समाजाच्या आठवणीत आजही आहे. आमच्याकडच्या पुस्तकांत या प्रकरणाला 'राज्यस्थापना' म्हणतात. मीही पहिल्या खर्ड्यात तोच शब्द वापरला होता. नंतर खोडला.

एवढे मात्र रघूजीच्या बाजूने सांगितले पाहिजे की, राज्य बदलले तरी त्याने या भागाची घडी विस्कटली नाही. झाडीपट्टी म्हणजे तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात इथे बांध घातले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी याचा. आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यांतल्या कित्येकांची पाळ भोसल्यांच्या आधीची आहे. पाटाचे पाणी त्याच बांध्यांत जात राहिले. कटकच्या स्वारीत भोसल्यांना साथ दिली म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या, अशी पोवार समाजाबद्दलची हकीकत इंग्रजांच्या जमीनबंदोबस्ताच्या वेळी नोंदली गेली. ती स्वारी रघूजीच्या नातवांच्या काळातली, पण वाट रघूजीने पाडलेली. तेव्हा या चरित्राचा वाचक आपल्या गावाचा सातबारा डोळ्यांपुढे ठेवून बसला तरी चालेल.

आणि रस्ता. सौंदडच्या फाटकावर उभे राहिले की जुन्या सहा नंबरच्या, आताच्या त्रेपन्न नंबरच्या महामार्गावरून रात्रभर ट्रक जाताना दिसतात. साकोलीकडून येतात, कोहमारा, देवरी करत रायपूरला, तिथून कित्येक थेट कोलकात्यापर्यंत. डांबर नवे आहे, दिशा जुनी आहे. नागपूरच्या फौजेला छत्तीसगडात उतरायचे तर वैनगंगा ओलांडून या झाडीत शिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. भोसल्यांचे घोडे नेमके कोणत्या गावाच्या पाणवठ्यावर थांबले यावर आमच्याकडे पारावर वाद होतात. त्यात मी पडत नाही.

रघूजीचे पहिले मोठे नाव झाले ते मात्र पूर्वेला नव्हे, दक्षिणेला. १७४० मध्ये तो फत्तेसिंग भोसल्याबरोबर कर्नाटकात उतरला. दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली लढाईत पडला. पुढल्या वर्षी, १७४१ च्या मार्चमध्ये, त्रिचनापल्ली घेतली, आणि दोस्तअलीचा जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला. याच स्वारीत त्याने पाँडिचेरीच्या फ्रेंचांना दम दिला होता. तिथला गव्हर्नर ड्युमा याने नजराण्यात काही बाटल्या फ्रेंच मद्याच्या धाडल्या, त्या रघूजीच्या बायकोला इतक्या आवडल्या की आणखी मिळाव्यात म्हणून बोलणी मवाळ झाली, असे फ्रेंच बाजूचे इतिहासकार मोठ्या चवीने सांगतात. मला ही गोष्ट खरी वाटत नाही. आपला तट आणि तोफा सोडून बाटलीला श्रेय देणे ही त्या लोकांची थट्टेखोर सवय असावी. पण गोष्ट छान आहे, म्हणून ठेवली.

त्याच धामधुमीत १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव वारला. पेशवाई बाबूजी नाईक बारामतीकराला मिळावी म्हणून रघूजी दक्षिणेतून धावत साताऱ्याला आला. शाहूने वस्त्रे बाळाजी बाजीरावाला, म्हणजे नानासाहेबाला दिली. पुढच्या दहा वर्षांच्या राजकारणाची किल्ली या एका प्रसंगात आहे. नाना­साहेब आणि रघूजी हे एकाच धन्याचे दोन चाकर, आणि एकमेकांचे पक्के वैरी. बंगालात जे झाले ते या वैराशिवाय समजत नाही.

बंगाल. इथे मी थांबणार आहे, कारण या पुस्तकाचा गाभा इथे आहे.

रघूजीचा दिवाण आणि सेनापती भास्करराम कोल्हटकर. १७४१ मध्ये तो रतनपूरवर गेला. तिथला हैहय राजा रघुनाथसिंह मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. छत्तीसगड फारसे न लढता हाती आले. तिथून डोंगर उतरून १७४२ च्या एप्रिलमध्ये भास्करराम थेट बरद्वानला धडकला. बंगालचा नवाब अलीवर्दी खान ओडिशातून परतत होता, त्याला गावाबाहेरच वेढा पडला. मागणी दहा लाखांची होती. नवाब आधी नाही म्हणाला. उपास घडू लागल्यावर दहा लाख द्यायला तयार झाला, तेव्हा मागणी एक कोटीची झाली. हा आकडा मला फार बोलका वाटतो. दहा लाख मिळाले असते तर भास्करराम पावसाआधी घरी परतला असता, आणि बहुधा ती अंगाईही जन्मली नसती.

हाव म्हणून हे सोडून देता येत नाही. फौजेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. सरदाराला सनदेने मिळायची ती वसुलीची मुभा, रोकड नव्हे. फौज मात्र रोज खायची, आणि घोडे माणसाहून जास्त खायचे. सावकाराचे कर्ज काढून दसऱ्याला निघायचे, मुलुखगिरीवर फेडायचे, आणि मृगाआधी परतायचे. स्वारी रिकामी गेली की सावकार दारात आणि शिपाई उपाशी. या हिशेबात बरद्वानच्या शेतकऱ्याचा रकाना कुठेच नव्हता. त्याचे धान लुटले जाणार हे स्वारी ठरली तेव्हाच ठरले होते.

मीर हबीब नावाचा इराणी सरदार नवाबाला सोडून भास्कररामाला मिळाला, आणि त्यानेच त्याला परतू दिले नाही. मे महिन्यात मुर्शिदाबादेवर छापा पडला, जगत्शेठाची पेढी लुटली गेली. पावसाळ्याभर छावणी काटव्याला पडली. आणि तिथे, भागीरथीच्या काठी, भास्कररामाने दुर्गापूजा मांडली. हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. घरापासून शेकडो कोस दूर आलेला मराठी ब्राह्मण सेनापती, बंगाली पद्धतीची देवीची मूर्ती, पूजेसाठी आसपासच्या जमीनदारांकडून गोळा केलेली वर्गणी, म्हणजे खंडणीच, आणि भोवती महिनोन्‌महिने चिखलात उभी असलेली घोडी. नवरात्र ऐन भरात असताना अलीवर्दीने रात्रीतून होड्यांच्या पुलावरून फौज पलीकडे काढली. पूल मध्येच तुटला, त्याची शेकडो माणसे बुडाली, तरी तो थांबला नाही. २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे हल्ला आला तेव्हा छावणीत कोणी सावध नव्हते. पूजा अर्धी टाकून भास्करराम निघाला.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर काव्य लिहिले. त्याचे नाव 'महाराष्ट्र पुराण'. साल १७५१ च्या आसपास, म्हणजे डोळ्यांदेखतची गोष्ट. पोथ्यांची बोचकी बांधून पळणारे ब्राह्मण, तराजू घेऊन पळणारे सोनार, कधी उंबरठा न ओलांडलेल्या बायका डोक्यावर गाठोडे घेऊन निघालेल्या. आणि मग हाती लागलेल्यांचे काय झाले, तेही तो सांगतो. बायकांवरच्या अत्याचारांचे वर्णन वाचवत नाही. मी ते या पुस्तकात सौम्य केलेले नाही. पण गंगारामाची खरी कमाल त्याच्या मांडणीत आहे. त्याच्या कथेत माणसांचे पाप वाढले म्हणून शिवच शाहूकरवी ही फौज पाठवतो. म्हणजे मराठे आले ते देवाच्या आज्ञेने. मग त्यांनी ब्राह्मणांचा, बायकांचा छळ मांडला, तेव्हा देवी रागावली आणि तिने आपली कृपा नवाबाकडे वळवली. ज्या देवीची पूजा भास्कररामाने मांडली होती तीच देवी. बंगालच्या कवीने मराठ्यांचा निवाडा मराठ्यांच्याच देवघरात बसून केला आहे, आणि त्याच्याइतका नेमका निवाडा मला नंतरच्या कुणा पदवीधराच्या ग्रंथात सापडला नाही.

कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी मराठे येतील म्हणून १७४३ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, कारण त्या शहरापर्यंत कोणी आलेच नाही. पण 'मराठा डिच' हे नाव राहिले, आणि पुढे त्या खंदकाच्या बुजवलेल्या रेघेवरून शहराचा मोठा रस्ता गेला.

१७४३ मध्ये रघूजी स्वतः बंगालात उतरला, आणि त्याला हुसकावायला कोण आले? पेशवा. बादशहाच्या वतीने, नवाबाच्या मदतीला, नवाबाकडून खर्चाचे बावीस लाख ठरवून. पलाशीजवळ नानासाहेब आणि अलीवर्दी भेटले. पुढे चौदा वर्षांनी जिथे हिंदुस्थानचे भवितव्य फिरले त्याच परिसरात मराठ्यांच्या एका सरदाराने दुसऱ्याला पळवण्याचा करार केला. अखेर ऑगस्टअखेरीस शाहूने दोघांना समोर बसवून मुलूख वाटून दिले. बंगाल आणि ओडिशा रघूजीच्या वाट्याला. वाटणी साताऱ्यात झाली. ज्यांचा मुलूख वाटला त्यांना विचारण्याची त्या काळी पद्धत नव्हती.

आणि मग मानकरा. १७४४ च्या वसंतात भास्करराम पुन्हा बंगालात होता. अलीवर्दी थकला होता, तिजोरी रिती होती. त्याने तहाचे बोलणे लावले. मुस्तफाखान अफगाण आणि दिवाण जानकीराम मध्यस्थ झाले, दोघांनी आपापल्या धर्माच्या शपथा घेतल्या. ३१ मार्चला मानकऱ्याच्या मैदानावर मोठा तंबू उभारला. भास्करराम वीसेक निवडक सरदार घेऊन आत गेला. नवाबाने विचारले, यांतला भास्कर कोण? ओळख पटताच इशारा झाला, कनातींमागची माणसे बाहेर आली. आत गेलेला एकही परतला नाही. रघूजी गायकवाड नावाचा एक सरदार तेवढा छावणीत मागे राहिला होता. त्याला या आमंत्रणाचा वास आला होता. त्याने उरलेली फौज उचलली आणि सगळी माणसे जिवंत बाहेर काढली. बखरींत त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. मी त्याला अख्खे प्रकरण दिले आहे.

मुस्तफाखानाला या कामगिरीबद्दल बिहारची सुभेदारी कबूल झाली होती. ती मिळेना, तेव्हा वर्षभरात तो नवाबावर उलटला आणि मदतीसाठी त्याने पत्र धाडले ते रघूजीला. रघूजी गेला. दिवाणाच्या खुनातल्या मध्यस्थाचे आमंत्रण स्वीकारून गेला. यात सूड किती आणि संधी किती हे वाचकाने ठरवावे. मला संधीचे पारडे जड दिसते.

इथे थोडे लांबचे सांगतो. चौदाव्या शतकात स्कॉटलंडात जेम्स डग्लस नावाचा सरदार होऊन गेला. त्याचा बाप इंग्लंडच्या राजाच्या कैदेत मेला, वतन राजाने दुसऱ्याला दिले. तो रॉबर्ट ब्रूस राजाला मिळाला, आणि वीस वर्षे इंग्लंडच्या उत्तर सीमेवर त्याने स्वाऱ्या केल्या. गावे जाळायची, गुरे हाकायची, खंडणी घ्यायची, आणि मोठी फौज यायच्या आत डोंगरात दिसेनासे व्हायचे. आपल्याकडे याला गनिमी कावा म्हणतात. स्कॉटलंडच्या लेखी तो 'भला सर जेम्स'. ब्रूस वारल्यावर त्याचे हृदय चांदीच्या डबीत घालून धर्मयुद्धाला निघालेला आणि १३३० मध्ये स्पेनमध्ये मूरांशी लढताना पडलेला स्वामिनिष्ठ वीर. सीमेपलीकडे इंग्लंडात त्याचेच नाव 'काळा डग्लस'. तिथल्या आया मुलांना झोपवताना त्याच्या नावाची अंगाई म्हणत. अशी दंतकथा आहे की, १३१४ मध्ये रॉक्सबर्गच्या किल्ल्यावर एक शिपायाची बायको तटावर बसून बाळाला तेच गाणे म्हणत होती, की झोप, तो काही यायचा नाही. आणि तिच्या खांद्यावर मागून हात पडला. हात डग्लसचा होता.

मला हे वाचताना अरुणनगरची ओसरी आठवली. हजारो मैल आणि चारशे वर्षांचे अंतर, पण सीमेच्या अलीकडे पोवाडा आणि पलीकडे अंगाई, ही वाटणी तीच. फरक एवढाच की स्कॉटलंडचे लोक आज दोन्ही नावे सांगतात. डग्लसच्या गोष्टी सांगताना त्यांना 'काळा' शब्द लपवावासा वाटत नाही. आमच्याकडे मी एका व्याख्यानात बर्गींचा उल्लेख केला तर एक ओळखीचे गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजी, हे सांगायची काय गरज होती?" मी म्हणालो, आपल्या तालुक्याशेजारी हे गाणे रोज रात्री म्हटले जाते. ते काही बोलले नाहीत. चहाला मात्र थांबले नाहीत.

थोडा न्यायही करावा लागतो. बर्गींच्या स्वाऱ्यांची झळ मुख्यतः भागीरथीच्या पश्चिमेला लागली. अरुणनगरच्या आजीचे पूर्वज पूर्वेकडचे, त्यांच्या गावात मराठ्यांचे घोडे बहुधा गेलेही नसतील. गाणे मात्र साऱ्या बंगालचे झाले. शिवाय अलीवर्दीची फौज, अफगाणांची बंडे, सारावसुलीचा नवाबी जाच, हेही त्या शेतकऱ्याच्याच डोक्यावर होते. आणि १७५१ च्या तहानंतर, जेव्हा बंगालने वर्षाला बारा लाख चौथ कबूल केली आणि सुवर्णरेखेपलीकडचे ओडिशा नागपूरकडे आले, तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. १८०३ पर्यंत ओडिशात भोसल्यांचा अंमल होता. पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला गेला तो याच अमलात. पुरीच्या पंड्यांच्या तोंडी आणि काटव्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी मराठ्यांची एकच कथा ऐकू येणार नाही.

हा वाद जुना आहे. गोविंद सखाराम सरदेसाई आणि यदुनाथ सरकार हे जन्मभराचे मित्र. एकाने 'मराठी रियासत' लिहिली, दुसऱ्याने मोगल साम्राज्याचा अस्त. सरदेसायांकडे वाचले की रघूजी साम्राज्याची पूर्व बाजू बांधणारा दिसतो, सरकारांकडे वाचले की बर्गींनी उद्ध्वस्त केलेली खेडी दिसतात. दोघांनी कागद तेच पाहिले, आणि एकमेकांना पाठवलेही. मैत्री शेवटपर्यंत टिकली. मी दोघांचेही बोट धरले आहे, आणि जिथे दोघांत निवड करावी लागली तिथे मुलूख ज्याचा जळला त्याचे आधी ऐकले आहे.

रघूजी १४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपुरात वारला. मागे चार मुलगे: जानोजी, साबाजी, मुधोजी, बिंबाजी, आणि वारशाचे भांडण, जे त्याने स्वतः काकाशी केले होते.

आणखी एक वस्तू सांगायची राहिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीज लिलावघरात रघूजीची म्हणून एक तलवार विक्रीला आली. राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, मिरवणूक निघाली. पाते युरोपात घडवलेले, मूठ आपल्याकडची. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजीचे नाव, सेनासाहेबसुभा हा किताब, आणि 'फिरंग' हा शब्द. बातमी आली त्या दिवशी गावात पेढे वाटले. मीही खाल्ला. तलवार परत आली याचा आनंद खराच होता, आणि ती पाहायला मी मुंबईला जाणारही आहे.

पण इतिहास फक्त लंडनहून येत नाही. साकोली, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत अजून मोडी कागदांचे रुमाल आहेत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या धानाच्या कोठीमागे. सून घर आवरते आणि उंदरांनी कुरतडले म्हणून बंबात घालते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाचता येत नसेल तरी ते जाळू नका. फोटो काढून ठेवा, नागपुरात मोडी वाचणारी माणसे आहेत. आणि ज्यांचे बंगाली वसाहतींत जाणे-येणे आहे, त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या बायांकडून ते गाणे एकदा मोबाइलवर भरून घ्यावे. तापाने फणफणलेल्या त्या मुलाची आजी आता नाही. मी तेव्हा ते लिहून घेतले नाही.

सौंदड, जिल्हा गोंदिया
भाऊबीज